कम्प्लीट अ‍ॅनाटॉमी अ‍ॅप: डिसेक्शन टेबलाशेजारी ठेवून वापरलं, त्याचा रिव्ह्यू

मी मुंबईत फर्स्ट एमबीबीएसला अ‍ॅनाटॉमी शिकवते. शरीराचं थ्रीडी मॉडेल दाखवणारं हे अ‍ॅप (मूळचं डब्लिनच्या थ्रीडीफोरमेडिकल कंपनीचं, 2019 पासून एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीकडे) डिसेक्शन हॉलमध्ये आयपॅडवर चालू ठेवून शिकवतेय, आणि मत स्पष्ट आहे, घ्याच, पण बॉडीसोबत (म्हणजे डिसेक्शनचा मृतदेह, कॅडॅव्हर) वापरायला, बॉडीऐवजी नाही.

सगळ्यात जास्त फायदा टेरिगोपॅलॅटाइन फॉसाला (वरच्या जबड्यामागची खोल, छोटी पोकळी) झाला. हाडं कापत तिथपर्यंत पोचतो तोवर जे बघायचं तेच तुटलेलं असतं, इथे अ‍ॅपमध्ये मँडिबल (खालचा जबडा) लपवा, गालाचं हाड लपवा, मॅक्झिलरी नर्व्ह (चेहऱ्याचा एक मज्जातंतू) फोरामेन रोटंडम या कवटीतल्या छिद्रातून येताना सरळ दिसते, हवं तसं फिरवून बघा. डोंबिवली-विरारकडून येणारी पोरं लोकलमध्ये फोनवर हेच फिरवत असतात आणि व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) फरक जाणवतो, खरंच.

पण अ‍ॅक्झिला (काख) उघडली की कॅडॅव्हरला पर्याय नाही. स्क्रीनवर नर्व्ह पिवळी, आर्टरी लाल, व्हेन निळी, आणि फॉर्मालिनमधल्या बॉडीत सगळंच मळकट तपकिरी, चरबीत रुतलेलं, ब्रेकियल प्लेक्ससचा (हाताला जाणाऱ्या नर्व्हजच्या जाळ्याचा) तो इंग्रजी एमसारखा आकार दिसायच्या आधी किती वेळ नुसती चरबीच चिमट्याने काढत बसावं लागतं. हाताला लागलेली नर्व्ह की आर्टरी हे बोटांत धरून कळतं, नर्व्ह भरीव दोरीसारखी, आर्टरी दाबली की पोकळ, व्हेन चपटी, हे काचेवर बोट फिरवून कसं येणार? आणि व्हेरिएशन्स! मस्क्युलोक्युटेनियस आणि मीडियन या हाताच्या दोन नर्व्हजना जोडणारी जादाची ब्रांच, किंवा एका हाताला पाल्मारिस लाँगस (कोपराकडून तळव्याकडे जाणारा बारीक स्नायू) आहे आणि दुसऱ्याला नाहीच, असं काही निघालं की अख्खी बॅच त्या टेबलाभोवती गोळा होते. उद्या सर्जन होणाऱ्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायलाच हवं. कुणीतरी देहदान केलंय म्हणून ते बघायला मिळतं, हे मी प्रत्येक बॅचला सांगते.

माझी पद्धत म्हणजे सुरुवातीला दहा मिनिटं अ‍ॅप, मग आयपॅड बंद करून डिसेक्शन, शेवटी परत उघडून आपल्या बॉडीत काय वेगळं निघालं ते पोरांनीच सांगायचं. एकाने ग्लोव्ह्ज न घालता फक्त आयपॅड सांभाळायचा, नाहीतर फॉर्मालिनचे हात स्क्रीनला लागतात.

वर्षाचं सबस्क्रिप्शन असतं, पोरांसाठी खर्च मोठाच, म्हणून पैसे भरायच्या आधी कॉलेजच्या लायब्ररीत लायसन्स आहे का ते विचारा.