सीनियर पोर्ट्रेट: स्टुडिओचा ड्रेप चालतो, पण…

अमेरिकेत बऱ्याच हायस्कुलांत बारावीच्या इयरबुकमधल्या (शाळेच्या वार्षिक फोटोपुस्तकातल्या) फोटोसाठी, म्हणजे सीनियर पोर्ट्रेटसाठी, स्टुडिओच मुलींना काळा मखमली ड्रेप (खांद्यांभोवती घ्यायचं कापड) आणि मुलांना टक्सीडो (समारंभी काळा सूट) देतो. हा टक्सीडो म्हणजे नुसती पुढची बाजू. पाठ उघडी, मागे वेल्क्रो. हडकुळ्या मुलाच्या गळ्याशी फट पडते, तेव्हा मागून चिमटा लावून घ्या. ड्रेपखाली बिनपट्ट्यांचा टॉप हवाच, नाहीतर पट्ट्या खांद्यावर डोकावतात. टी-शर्टच्या गळ्याची रापलेली रेघही ड्रेपमध्ये लपत नाही. सोय उत्तम, मापं कामचलाऊ.

स्वतःच्या कपड्यांत फोटो काढायचा तर बारीक रेघांचा शर्ट नको, फोटोत लहरी उठतात. निऑन रंगाची झाक हनुवटीवर चढते. पैठणी खुशाल नेसा; फक्त समोरच्या फ्लॅशने जरीकाम पांढरंफटक दिसतं, म्हणून दिवा बाजूने लावायला सांगा.