पहिलं जहाज कुठलं धरावं: टू-स्ट्रोकचं की फोर-स्ट्रोकचं?

माझा भाचा खानापूरचा. बेळगावात मेकॅनिकल करून आता मुंबईत जीएमईचा, म्हणजे पदवीनंतर जहाजावरचा इंजिनिअर होण्याचा, वर्षाचा कोर्स करतोय. गणपतीला घरी आला तेव्हा त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक बल्क कॅरिअर, कोळसा-धान्य घेऊन जगभर फिरणारं. दुसरं मुंबई हायच्या तेलविहिरींना सामान पोचवणारं सप्लाय जहाज. "पगार सारखाच आहे की मामा, मग बघायचं काय?" मी म्हटलं, खाली कुठलं इंजिन आहे ते बघ.

बल्क कॅरिअरच्या पोटात संथ चालीचं टू-स्ट्रोक असतं, सप्लाय जहाजात मध्यम किंवा चढ्या वेगाची फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या दर दोन धावांत, एक वर एक खाली, एकदा तेल पेटतं; फोर-स्ट्रोकमध्ये चार धावांत एकदा. आपल्याकडच्या पोरांनी हे दोन्ही प्रकार नकळत ऐकलेले असतात. कॅसलरॉकच्या घाटात वर्षानुवर्षं मालगाड्या ओढणारी डब्ल्यूडीजी-४ डिझेल लोको टू-स्ट्रोक, आणि जुनी आल्को लोको फोर-स्ट्रोक. डब्ल्यूडीजी-४ ची ताकद साधारण ४,००० अश्वशक्ती. आता २००६ साली 'एम्मा मर्स्क' या कंटेनर जहाजात बसलेलं १४ सिलिंडरचं इंजिन घ्या: १ लाख ८ हजारांहून जास्त अश्वशक्ती, वजन सुमारे २,३०० टन. म्हणजे घाटातल्या सत्तावीस लोको एकाच शाफ्टला जुंपल्यासारख्या. भाच्याच्या बल्क कॅरिअरचं इंजिन याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण जात तीच.

त्या मोठ्या इंजिनाचे फेरे मिनिटाला १०२. उसाच्या मळ्यातलं पंपाचं इंजिन १,५०० फेरे मारतं. हे ऐकून कोणीही म्हणेल, जहाजाचं इंजिन सुस्त आहे. इथेच फसगत होते. त्याचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, अडीच मीटर, त्यामुळे पिस्टन सेकंदाला सरासरी साडेआठ मीटर धावतो. मळ्यातल्या इंजिनाचा स्ट्रोक ११० मिलिमीटर धरला तर त्याचा पिस्टन साडेपाच मीटरच. जहाजावरच्या मध्यम वेगाच्या फोर-स्ट्रोकचा, समजा ५८० मिलिमीटर स्ट्रोक आणि ५०० फेरे, साडेनऊच्या पुढे जातो. जहाजावरच्या दोन्ही इंजिनांत पिस्टनचा वेग उन्नीस-बीसच, फरक फेऱ्यांचा. फेरे कमी ठेवायचे कारण जहाजाला ढकलणारा मोठा पंखा (प्रोपेलर) हळू फिरवला की तेच तेल जहाजाला जास्त लांब नेतं. मग मधे गिअरबॉक्सही लागत नाही, क्रँकशाफ्ट थेट पंख्याला.

पण गिअरबॉक्स नाही म्हणजे जहाज मागे घ्यायला अख्खं इंजिनच थांबवून उलटं फिरवायचं, तेही ३० बार दाबाने भरलेल्या हवेने. म्हणून अशा इंजिनासाठी हवेच्या बाटल्यांत पुन्हा न भरता बारा वेळा स्टार्ट घेता येईल एवढी हवा लागते. उलटं न फिरणाऱ्या इंजिनाला सहा स्टार्ट पुरतात. बंदरात शिरताना वरून कॅप्टनचे हुकूम सारखे पुढे-मागे, पुढे-मागे सुरू झाले की कंट्रोल रूममधल्या सगळ्यांचे डोळे हवेच्या गेजवर असतात. सप्लाय जहाजावर ही धाकधूक नाही. तिथे पंख्याची पातीच वळतात, नाहीतर पंखा विजेच्या मोटरवर चालतो.

जळणाच्या तेलाचा फरक शिकणाऱ्याला फार महत्त्वाचा. मोठ्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड वेगळे, मधे दोघांना जोडणारा सरकता सांधा म्हणजे क्रॉसहेड, आणि रॉडभोवतीच्या सीलमुळे, म्हणजे स्टफिंग बॉक्समुळे, वरची घाण खाली क्रँककेसमध्ये उतरत नाही. म्हणून ते कमी प्रतीचं तेल पचवतं. हेवी ऑइल थंड असताना काकवीपेक्षा दाट. ते सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापवल्यावरच इंजेक्टरला चालतं. २०२० पासून जगभर गंधकाची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आली, तरी हीटर, प्युरिफायर, बॉयलर सुटलेले नाहीत. हे सगळं ज्युनिअरच्या अंगावर येतं. शिवाय स्कॅव्हेंजची, म्हणजे सिलिंडरला ताजी हवा पुरवणाऱ्या पोकळीची, सफाई. बंदरात थांबलं की आत शिरून काजळी आणि तेलाचा चिखल खरवडायचा. तो साठला तर तिथे आग लागते, त्यामुळे कंटाळा करून चालत नाही. मग टॉर्च लावून सिलिंडरच्या भिंतीतल्या हवेच्या भोकांतून (पोर्ट) पिस्टनच्या रिंगा बघायच्या, बाहेर कोणीतरी टर्निंग गिअरने इंजिन इंच-इंच फिरवत असतो. कपडे धुऊनही पांढरे होत नाहीत.

फोर-स्ट्रोकचा मोठा गुण म्हणजे हात लवकर बसतो. पिस्टन चेन ब्लॉकने उचलता येतो, व्हॉल्व्ह घासणं, इंजेक्टर टेस्ट करणं पहिल्या महिन्यातच वाट्याला येतं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात एखादी सुट्टी मशीनवर काढलेला पोरगा तिथे चटकन रुळेल. टू-स्ट्रोकचं सिलिंडर उघडलं की ज्युनिअर बहुतेक वेळ हायड्रॉलिक जॅकचा पंप मारत नाहीतर स्पॅनर पुसत उभा.

तरीही माझं मत बल्क कॅरिअरला, आणि कारण साधं आहे. त्याच्यावर वीज करायला तीन जनरेटर असतात, ते सगळे फोर-स्ट्रोक, ७२० किंवा ९०० फेऱ्यांचे. म्हणजे एकाच जहाजावर दोन्ही जाती शिकता येतात. सप्लाय जहाजावर कितीही दिवस काढले तरी क्रॉसहेड दिसणार नाही. पुढे मोठ्या जहाजावर जायचं ठरलं, की पंचविशीत जे शिकायचं ते तिशीत नव्याने शिकावं लागतं.

ताईचा कौल अर्थात सप्लाय जहाजाला. कॉन्ट्रॅक्ट लहान, आणि मुंबईहून रात्रीची बस धरली की सकाळी पोरगं दारात. तिच्याशी मी वाद घातला नाही. भाच्याला मात्र एवढं सांगितलं: ते जहाज घेणारच असशील तर सही करण्याआधी मेन इंजिनांचे किलोवॅट विचार. वॉचकीपिंगच्या, म्हणजे इंजिन रूमची पाळी सांभाळण्याच्या, सर्टिफिकेटसाठी जहाजाच्या मेन इंजिनांची ताकद निदान ७५० किलोवॅट लागते. ती नसेल तर समुद्रावर काढलेले महिने परीक्षेला बसताना कामाला येत नाहीत.