बंद पडलेल्या स्पर्धेच्या शोधात ‘ट्रोव्ह’

मेलबर्न क्रिकेट क्लबच्या डांबरी कोर्टावर 1880 मध्ये सुरू झालेली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याची लॉन टेनिस अजिंक्यपद स्पर्धा ही 1905 च्या पहिल्या ऑस्ट्रेलेशियन स्पर्धेच्या (म्हणजे आजच्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या) कितीतरी आधीची असून, आता बंद पडलेल्या या प्रादेशिक स्पर्धेचा माग काढायचा तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या जुनी वृत्तपत्रे ऑनलाइन दाखवणाऱ्या सेवेइतके उपयुक्त साधन माझ्या मते दुसरे नाही. मेलबर्नच्या ‘द आर्गस’ या वृत्तपत्राचे जुने अंक येथे विनामूल्य वाचता येतात.

या सेवेची खरी कसोटी निकालांच्या रकान्यात लागते. बारीक, पुसट छपाईतील 6 चा आकडा पानाच्या चित्रावरून मजकूर वाचणाऱ्या यंत्राला कधी 0 वाटतो, कधी 8. त्यामुळे सामन्याचा निकालच फिरतो. मात्र मूळ पानाचे चित्र आणि यंत्राने वाचलेला मजकूर शेजारी-शेजारी दिसत असल्याने चूक लगेच ध्यानात येते, आणि ती कोणत्याही वाचकाला तिथेच दुरुस्त करता येते, ही सोय मला फार मोलाची वाटते. जुन्या बातम्यांत खेळाडूंची आद्याक्षरे तेवढी असतात, म्हणून नुसत्या नावाने शोधू नये; वर्ष आणि वृत्तपत्र आधी निवडावे.

उणीव आहे ती 1954 नंतरच्या काळाची. स्वामित्वहक्कामुळे बहुतेक वृत्तपत्रे तिथेच थांबतात आणि स्पर्धेच्या उत्तरार्धासाठी ग्रंथालयातील सूक्ष्मपटांकडेच (मायक्रोफिल्मकडे) वळावे लागते.