ओस गाव पाहायचंय: राखलेलं निवडावं की बेवारस?

ओस पडलेल्या जागांची ओढ लागली की पहिला प्रश्न येतो तो जागा निवडण्याचा. एकीकडे तिकीट काढून, आखलेल्या वाटेनं पाहायची राखलेली गावं. दुसरीकडे कुणाचंच लक्ष नसलेले कारखाने, इस्पितळं, वस्त्या. दुसऱ्या प्रकारातली ती शांतता, आपणच पहिले आलो असं वाटणं, हे मलाही खुणावतं. तरी पहिल्या चार-पाच फेऱ्या राखलेल्या गावांतच कराव्यात, असं माझं ठाम मत आहे. जिवाची काळजी हे एक कारण झालंच, पण त्याहून मोठं कारण असं की राखलेल्या जागेत पाहायलाच जास्त असतं.

कॅलिफोर्नियातलं बोडी घ्या. सोन्याच्या खाणींवर वाढलेलं आणि सोनं आटल्यावर रिकामं झालेलं हे गाव १९६२ पासून राज्याच्या ताब्यातलं संरक्षित ठिकाण आहे. इमारती नव्यासारख्या करायच्या नाहीत आणि पडूही द्यायच्या नाहीत, असं तिथलं धोरण. बहुतेक घरांत पाऊल ठेवता येत नाही, खिडकीच्या काचेला नाक लावून पाहावं लागतं. पण काचेपलीकडे दुकानाच्या फळ्यांवर अजून माल मांडलेला आहे, टेबलखुर्च्या जागच्या जागी आहेत आणि सगळ्यावर जाड धूळ आहे. माणसं उठून गेली, हे तिथं खरोखर दिसतं.

बेवारस जागेत दारं सताड उघडी असतात, पण आत काही उरलेलं नसतं. तांब्याच्या तारा, पितळी कड्या, जिन्याचे लोखंडी कठडे, सगळं भंगारात गेलेलं. हीच चोरी पुढं जिवावर उठते. कारखान्याच्या जमिनीत यंत्रांसाठी आणि पाइपांसाठी खोल खड्डे केलेले असतात, त्यांवर लोखंडी झाकणं असतात. झाकणं विकली जातात. खड्डा पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरतो, वर धूळ आणि पालापाचोळा साचतो. टॉर्चच्या उजेडात तो आजूबाजूच्या फरशीसारखाच सपाट दिसतो. म्हणून अशा जागी हातात काठी हवीच, आणि साचलेल्या पाण्यात पाय टाकायचा नाही, मग ते घोटाभर का वाटेना.

लाकूड की काँक्रीट

लाकडी घरं जास्त धोक्याची वाटतात. माझा अंदाज उलटा आहे. लाकूड बहुधा आधी सांगतं: कुरकुरतं, पायाखाली लवतं, ओल धरलेल्या जागी काळं पडतं. फळ्यांवर खिळ्यांच्या रांगा दिसतात, त्या रांगांखाली तुळई असते. फळीच्या मधोमध चालण्यापेक्षा त्या रेषेवर पाऊल बरं. पण वर गालिचा किंवा पाणी असेल तर यातलं काहीच कळत नाही. अशा खोलीत जाऊच नये.

काँक्रीट मुकाट्यानं सडतं. आतली सळई गंजली की फुगते आणि फुगताना भोवतालचं काँक्रीट फोडते. जपानचं हाशिमा बेट याचं मोठं उदाहरण. कोळशाच्या खाणीसाठी तिथं १९१६ पासून काँक्रीटच्या उंच चाळी उभ्या राहिल्या. १९७४ मध्ये खाण बंद पडली, बेट रिकामं झालं आणि खाऱ्या वाऱ्यानं सळया खाल्ल्या. २००९ पासून लोकांना जाता येतं, पण ठरावीक मार्गावरूनच. इमारतींत प्रवेश नाही. स्लॅबच्या पोटाला तांबूस ओघळ, सळईच्या रेषेत गेलेल्या चिरा, खाली पडलेले खपले, यांतलं काहीही दिसलं तर त्या स्लॅबखाली उभं राहू नये. त्याच्यावर तर नाहीच नाही.

मधली वाट

ज्यांना आत शिरायचंच आहे, फोटो काढायचेत, त्यांच्यासाठी नामिबियातलं कोलमनस्कोप उत्तम. हिऱ्यांमुळे वसलेलं हे गाव १९५६ पर्यंत पूर्ण रिकामं झालं. परवाना काढून घरांत फिरता येतं. दारातून वाळू ओतल्यासारखी आत आलेली आहे, खोलीत अर्ध्या दारापर्यंत ढीग. त्यावर चढण्याचा मोह होतो, पण वाळूखालची जमीन शाबूत आहे की नाही ते दिसत नाही, हे विसरू नये. इटलीतलं क्राको १९६३ च्या सुमारास भूस्खलनामुळे सोडावं लागलं. तिथं डोक्यावर हेल्मेट घालून, वाटाड्याबरोबरच आत जातात. मला हा प्रकार सगळ्यात पटतो. चेर्नोबिलच्या अणुअपघातानं ओस पडलेल्या, युक्रेनमधल्या प्रिप्यातचं नाव बऱ्याच जणांच्या मनात असतं, पण २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर तिथलं पर्यटन बंद झालं. तो बेत सध्या सोडून द्यावा.

न दिसणारं

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विटनूममध्ये निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण होती. ती १९६६ मध्ये बंद झाली, २००७ मध्ये गावाचा दर्जाच काढून घेतला गेला. तिथं धोका आहे तो हवेतल्या तंतूंचा. ते फुप्फुसात बसतात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. जुन्या बेवारस इमारतींत हेच ॲस्बेस्टॉस पत्र्यांत, पाइपांच्या वेष्टणात असतं आणि सांगणारं कुणी नसतं. तोंडाला बांधलेल्या रुमालानं ते अडत नाही. उंदरांच्या लेंड्या आणि वटवाघळांची विष्ठा यांचंही तसंच. ती झाडू नये, धूळ उडवू नये.

खाणीचं तोंड, बंद टाकी, आड यांना मी तुलनेतच धरत नाही. तिथं प्राणवायू नसेल तर काही जाणवण्याआधी शुद्ध जाते, आणि बॅटरीचा टॉर्च मात्र व्यवस्थित पेटत राहतो. वाचवायला उतरणारा दुसराही तिथंच राहतो.

बेवारसच निवडलं तर

बेवारस म्हणजे मालक नसलेलं नव्हे. परवानगी मागावी. कायद्याची बाजू आहेच, शिवाय कुठला मजला पोकळ झालाय हे मालकाला किंवा राखणदारालाच ठाऊक असतं. सुरुवात छप्पर नसलेल्या, उघड्यावरच्या दगडी वस्तीपासून करावी. डोक्यावर पडायला काही नाही आणि हवा मोकळी. तिथंही मोकळ्या उभ्या भिंतीला टेकू नये.

तिघं असावेत: एकाला लागलं तर एक जवळ थांबेल, एक मदत आणेल. खिळा आरपार जाणार नाही असे जाड तळव्याचे बूट, दोन टॉर्च. ज्या जिन्यानं वर गेलात त्यानंच खाली या. तिथली वस्तू उचलू नका, अगदी बाटलीचं बूचसुद्धा. घरी एकाला जागा आणि परतायची वेळ सांगून निघा, आणि ती वेळ टळली की त्यानं कुणाला फोन करायचा तेही आधीच ठरवा. तिघं जमत नसतील आणि एकट्यानंच जायचं असेल, तर बोडीसारखं गाव निवडा आणि भरपूर वेळ काढा. एकेका खिडकीपाशी पाच पाच मिनिटं थांबलात तरी दिवस पुरत नाही.