ल क्रझो की रूबे? प्रबंधासाठी गाव निवडताना

फ्रान्सच्या कारखानदारांनी कामगारांची मतं कशी मिळवली, या विषयावर प्रबंध करायचा म्हटलं की दोन गावं हमखास समोर येतात: बर्गंडीतलं पोलादाचं ल क्रझो आणि बेल्जियमच्या सीमेलगतचं कापडगिरण्यांचं रूबे. मी दोन्हींवर टिपणं काढली आणि शेवटी रूबे घेतलं.

ल क्रझोची भुरळ पडतेच. 1836 मध्ये श्नायडर बंधूंनी कारखाना घेतला आणि पुढे घरं, शाळा, दवाखाना सगळं कारखान्याचंच झालं. उजेन श्नायडर 1867 ते 1870 या काळात फ्रान्सच्या विधिमंडळाचे अध्यक्ष होते. मुलगा आणि नातूही निवडून आले. 1870 मध्ये कामगारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या मदतनिधीचा कारभार कोणाकडे असावा यावरून वाद पेटला. कामगारांनी पुढे केलेल्या आदॉल्फ आसीला कामावरून काढलं, संप झाला, सैन्य आलं. एक गाव, एक घराणं, सलग गोष्ट. वेळ कमी असेल तर हेच सोयीचं, हे मान्य करतो.

पण मी अडलो तो मतपत्रिकेपाशी. 1913 पर्यंत फ्रान्समध्ये मत टाकायला ना पाकीट होतं ना आडोसा. मतपत्रिका उमेदवारच छापून वाटत. कागदाचा रंग, जाडी, घडी बघून मुकादमाला मत ओळखता येई. मग श्नायडरना पडलेलं मत हा पाठिंबा मानायचा की पोटाची भीती? तीन महिने माझ्या टिपणांत ‘बहुधा’ याखेरीज शब्द नव्हता. त्याचा मला फार त्रास झाला. ज्या माणसांचं मन समजून घ्यायचं, तीच बोलत नव्हती.

मतदानाची पद्धत रूबेतही तीच. पण तिथे मालक हरतो. 1893 मध्ये समाजवादी ज्यूल गेद निवडून आले. 1898 मध्ये गिरणीमालक उजेन मॉत यांनी त्यांना पाडलं, 1902 मध्ये पुन्हा पाडलं आणि त्याच वर्षी महापौरही झाले. 1906 मध्ये गेद परत आले. मत असं इकडून तिकडे जातं तेव्हा कारण विचारता येतं. मॉत यांना मतं मागावी लागली: देशप्रेमाच्या नावाने, समाजवाद्यांची धास्ती दाखवून. समोर समाजवादी नगरपालिकेने शाळकरी मुलांना दिलेलं जेवण होतं. शिवाय गिरण्यांत बेल्जियन कामगार भरपूर. त्यांतल्या कित्येकांना मतच नव्हतं. एकाच गल्लीत मताधिकार असलेला आणि नसलेला शेजारी राहतात, हे ल क्रझोच्या कागदांत मला कुठे इतकं ठळक दिसलं नाही.

गिरणगावात वाढल्यामुळे माझा ओढा थोडा आधीच ठरलेला असेल. तुमचा कल पोलादाकडे, घराण्याच्या इतिहासाकडे असेल तर ल क्रझो चुकीचं नाही. दोन्हीकडे फ्रेंच लागेलच. रूबे घेतलंत तर श्रमजगताच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसायला मिळेल, आणि ते आहे मॉत घराण्याच्याच जुन्या गिरणीत. सुरुवात 1898 पासून करा.