जुन्या घराला गिलावा: चुन्याचा की सिमेंटचा?

देवगडच्या मावसभावाला पेच पडलाय: आजोबांच्या चिऱ्याच्या घराला आतून गिलावा कुठला करावा?

खर्चात सिमेंट सरळ स्वस्त. गवंडी गावातच मिळतो, कामही लवकर उरकतं. चुना भिजवून मुरवावा लागतो, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, आणि हात बसलेला कारागीर शोधताना दमछाक होते ती वेगळीच. दिवाळीनंतर हात घातला तर पावसाआधी सुकतो.

पण कोकणात खरा प्रश्न ओलीचा. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र, त्यात मातीत रचलेली भिंत जोत्यातून पाणी ओढते. चुन्यातून ती ओल बाहेर पडते. सिमेंट तिला कोंडतं. मग माजघरात गुडघाभर उंचीवर रंगाचे पापुद्रे सुटतात, मागे पांढरा खार दिसतो, टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. वॉटरप्रूफ रंगाच्या जाहिराती सोडाच, ओल आतच राहते.

पडवी, माजघर, देवघर जुन्या भिंतींचं असेल तर चुनाच. न्हाणीघर, मोरी किंवा मागाहून सिमेंटमध्ये बांधलेली खोली असेल तर खुशाल सिमेंट. आणि मे महिन्यात काम काढणार असाल तर माजघर पुढच्या हिवाळ्यावर ढकला.