पहाडी गोरिला रंगवायचा, तर जलरंगात की तैलरंगात?

आफ्रिकेतल्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागात विरुंगा राष्ट्रीय उद्यान आहे, १९२५ सालचं. सशस्त्र गटांच्या लढाया आणि चोरट्या कोळशासाठीची झाडतोड यांत पहाडी गोरिलाचं हे घर वर्षानुवर्षं भरडलं जातंय. जगात हे गोरिले उरलेत हजाराहून थोडेच जास्त.

डोंगरावरचं धुकं हवं असेल तर जलरंगाला तोड नाही; ओल्या कागदावर ते आपोआप उतरतं. पण काळी लव? वाळल्यावर काळा फिका पडतो आणि थरावर थर चढवत गेलं की चिखल होतो. नराच्या पाठीवरच्या रुपेरी पट्ट्यासाठी तर कोरा कागद आधीपासून राखावा लागतो.

तैलरंगात आधी गडद, मग त्यावर रुपेरी केस. काळा ट्यूबमधला नको, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून करा. आणि खरी परीक्षा नाकाची. नाकपुड्यांवरच्या सुरकुत्या प्रत्येक गोरिलाच्या वेगळ्या असतात, अभ्यासक त्यांवरूनच गोरिले ओळखतात. तैलरंग दोन दिवस ओला राहतो, सुरकुती सुधारता येते. जलरंगात रेघ चुकली की गोरिलाच बदलला!

चेहरा रंगवायचा तर माझं मत तैलरंगाला. तोडलेलं जंगल, कोळशाच्या भट्टीचा धूर दाखवायचा असेल तर खुशाल जलरंग घ्या.